डाव्या हाताची चरखी

तीर्थरूप आबांस,

पदर डोळ्यांपर्यंत ओढलेल्या तुमच्या वहूचा नमस्कार.

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे आपापल्या गाड्या जुंपून गेले. हे पडवीत आडवे झाले आहेत आणि माई जपमाळ घेऊन बसल्या आहेत. माझ्या हातांना अजून हिंगाचा आणि तेलाचा वास येतोय. पहाटेपासून चुलीपुढे होते, पाठ अशी धरली आहे की वाकले तर उठवत नाही. खरं तर घटकाभर पडायला हवं. पण दुपारी गोठ्यात माईंनी मला तुमचा एक निरोप दिला. वर्षभर उशिरा पोचलेला निरोप. त्याचं उत्तर आता कुणाजवळ धाडू? म्हणून लिहायला बसले.

आणि आबा, हे मी तुमच्याशी पहिल्यांदाच बोलते आहे, तुमच्या लक्षात आलं का? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत आपण दोघं एक शब्दही समोरासमोर बोललो नाही. आपल्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. तुम्ही ओसरीवर आलात की मी दाराआड व्हायची. काही सांगायचं झालं तर मी माईंना सांगायची, माई तुम्हाला सांगायच्या, आणि तुम्ही दोन हात अंतरावर बसून सगळं आधीच ऐकलेलं असायचं. तरी पहिल्यांदाच ऐकतो आहोत असं तोंड करून तुम्ही उत्तर द्यायचात. तेही माईंना. माई वैतागायच्या. "मी काय टपालवाली शे का?" म्हणायच्या. पण शब्द इकडचा तिकडे करायच्या नाहीत, एवढं खरं.

तुमचा आवाज मला पाठ आहे. तुमचा चेहरा मात्र मी धड पाहिला तो तुम्हाला नदीवरून आणलं त्या दिवशी.

माहेरी तळोद्याला मी तुमच्याबद्दल ऐकून होते. गळ्यात माळ, हातात गळ, असं लोक तुम्हाला चिडवायचे. घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नाही, आणि घरचा कर्ता पुरुष तापीच्या डोहावर मासे धरत बसतो! मला वाटलं, चोरून खात असतील. लग्नानंतर कळलं की तुम्ही धरायचात आणि सोडायचात. जंगलखात्याच्या कुणा साहेबाने जाताना तुम्हाला आपली बांबूची काठी आणि दोर गुंडाळायची लाकडी चरखी दिली होती, तिथून हे वेड लागलं. खडस नावाचा तो मोठ्या खवल्यांचा मासा, साहेब लोक त्याला महाशीर म्हणायचे, तो गळाला लागला की अर्धा कोस दोर घेऊन पळतो म्हणे. तुम्ही त्याला थकवून काठाशी आणायचात, हातात धरून बघायचात आणि पाण्यात ठेवून द्यायचात. मग विहिरीवर आंघोळ करून मागच्या दाराने घरात. माईंचा तसा हुकूम होता. काठी गोठ्यात, चरखी गोठ्यात, आणि त्या विषयातला शब्दही चुलीजवळ काढायचा नाही. माई तर 'मासा' असं म्हणायच्याच नाहीत. 'पान्यामधलं ते' म्हणायच्या.

मी तुमच्या त्या सामानाला हात लावू लागले ते निव्वळ दोरापायी. ओला रेशमी दोर चरखीवर तसाच राहिला तर कुजतो. तुम्ही दमून यायचात आणि विसरायचात. एकदा मी शेण काढताना तो वास घेतला आणि सगळा दोर सोडून गोठ्याच्या खांबांना गुंडाळून वाळत घातला. संध्याकाळी परत भरून ठेवला. माहेरी सूत कातत होते, गुंडाळायची सवय होती. तुम्ही काही बोलला नाहीत. कसे बोलणार? पण त्यानंतर नदीवरून आलात की चरखी गोठ्यातल्या खिडकीत ठेवू लागलात, माझा हात पोचेल तिथे. इतकी वर्षं तुमची माझी ओळख एवढीच.

मग तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंडही थोडं वाकडं झालं. ओसरीवरची बाज तुम्ही भिंतीकडे फिरवून घेतलीत. वैद्य झाला, नंदुरबारचा डॉक्टर झाला. माझी भाकरी तुमच्या ताटातून जशी जायची तशी परत यायची. माई ताट आत आणून ठेवायच्या आणि चुलीकडे बघत बसायच्या. तुम्ही मरायला बसला आहात हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं. हे जिनिंग कारखान्यावरून आठवड्याला यायचे, तुमच्या पायाशी बसायचे आणि कापसाचा भाव सांगायचे. दुसरं काय सांगणार?

मी दाराच्या फटीतून बघायची. तुमचा डावा हात घोंगडीवर पडलेला असायचा, आणि त्याचं एक बोट हलायचं. गोल गोल. दोर गुंडाळल्यासारखं. ते बघून मला रडू आलं नाही, राग आला. एवढी चांगली चालती बोटं असताना माणूस भिंतीकडे तोंड करतो म्हणजे काय?

म्हणून मी यांना सांगितलं, काठी बघा. डाव्या हाताने चालेल अशी.

जुनी काठी मी गोठ्यात कितीदा तरी डाव्या हातात धरून बघितली होती. दोन हातांशिवाय ती पेलायचीच नाही, टोकाला जड. चरखीची मूठ उजवीकडे. उलटी बसवून पाहिली तर दोर उलट्या बाजूने सुटायला लागला आणि काठीवरच्या कड्यांना घासायला लागला. सगळा दोर उलगडून पुन्हा उलटा भरला तेव्हा कुठे सरळ आला. एका हाताच्या माणसाचा प्रश्न निराळाच असतो, आबा. त्याने मूठ फिरवायची तर काठी धरणार कोण? काठी धरली तर मूठ फिरवणार कोण? काठी अंगानेच धरली पाहिजे, म्हणजे कमरेला काहीतरी हवं, हे मला तिथे गाईंमध्ये उभं राहून सुचलं.

यांनी सुरतेच्या ओळखीच्या दुकानातून दोन काठ्या आणि दोन चरख्या आणल्या, नको ते परत करायच्या बोलीवर. तो दिवस आठवतो ना? ओसरीच्या भिंतीला काठ्या टेकवलेल्या. तुमची बाज आमच्याकडे वळवलेली. मी दाराआड, माई उंबऱ्यात, हे अंगणात, आणि नथू भोई पायरीवर बसलेला. नथू तुमचा डोहावरचा सोबती, नाव चालवणारा. तो मुद्दाम आला होता.

एक काठी विलायती. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, रोगण लावलेली, पितळी जोडांची, लांबलचक. दुसरी कलकत्त्याची, अख्ख्या वेताची, आखूड, बुडाशी जाड आणि शेंड्याला मऊ. दिसायला गुराख्याच्या काठीसारखी. चरख्यांत एक पितळेची, भली मोठी, आणि एक लाकडाची, मागे पितळेची पट्टी.

तुम्ही डोळ्यांनीच विलायती काठी उचलली होती. यांनाही तीच द्यायची होती. "आबासले भारीच पाहिजे," हे म्हणाले.

मी कधी नव्हे ते मोठ्याने बोलले. "माई, आबासले सांगा, ती लांब काठी दोन हातनी शे. आपला एक हात शे."

तुमचा हात गेला हे तोवर घरात कुणी तोंडाने उच्चारलं नव्हतं. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पदर आणखी खाली ओढला. माईंनीसुद्धा निरोप लगेच सांगितला नाही. मग सांगितला, जसाच्या तसा, एक अक्षर न गाळता.

तुम्ही म्हणालात, "वहूले सांग, आयकी लिधं."

मग तुम्ही चरख्या मागितल्यात. नथूने एकेक तुमच्या छातीवर धरली. पितळी चरखीला तुम्ही बोटाने टिचकी मारलीत, ती थोडी फिरून थांबली. लाकडीला मारलीत ती फिरतच राहिली. तिचा तो बारीक घुर्रर्र आवाज ऐकत आम्ही सगळे उभे होतो, गाईसुद्धा कान टवकारून. नथू म्हणाला, "खडस पयले दबकीसनी खास. जड चरखी ऱ्हायनी ते सोडी देस." म्हणजे तो आधी चाखून बघतो, दोर जड वाटला तर तोंडातलं टाकून देतो. हलकीच हवी. आणि त्या हलक्या चरखीला आखूड काठी, शेंडा मऊ, म्हणजे हिसका काठीने सोसायचा, माणसाने नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं. तुम्ही माईंना म्हणालात, "वेतनी ठेव." माझ्याकडे निरोप नव्हता, पण मला पोचला.

विलायती काठी परत गेली. यांना ते अजून लागलेलं आहे, मधूनमधून काढतात.

पट्टा मी केला. आपल्या पवळ्या बैलाचा घुंगरांचा जुना पट्टा होता, घुंगरं काढून टाकली आणि पुढे काठीचं बूड बसेल अशी चामड्याची खोळ शिवली. तुमच्या कमरेचं माप माईंनी सुतळीने आणून दिलं. ती सुतळी मी पट्ट्याला लावून बघितली. बैलाच्या मानेसाठी पाडलेली भोकं तुमच्या कमरेला किती लांब पडत होती! दाभण चुलीत तापवून मी आत आत भोकं पाडत गेले, आणि तरीही पट्टा तुमच्या अंगावर सैल बसला.

नंतरचे दिवस बरे गेले ना, आबा? मला तरी बरे गेल्यासारखे वाटतात. नथू आणि गडी तुम्हाला बैलगाडीतून डोहावर न्यायचे, वाळूत चौरंगावर बसवायचे. मी ज्वारीच्या पिठात सरकीची पेंड आणि भाजलेल्या मेथीची पूड घालून गळाला लावायचे गोळे करून द्यायची, माईंच्या चुलीपासून लांब, परसात. मग निरोप सुरू झाले. "वहूले सांग, मेथी कमी टाक." "वहूले सांग, दोर गुरफटस." आणि एक दिवस, "वहूले सांग, भाकर आखो एक टाक." तो निरोप सांगताना माईंचा आवाज कसा झाला होता ते तुम्हाला ओसरीवर कळलं नसेल. मी दोन टाकल्या. ताट रिकामं आलं.

आणि मग तो दिवस. सकाळी निघताना तुम्ही दारात माईंशी काहीतरी बोललात. मी पीठ मळत होते, मला नुसती गुणगुण ऐकू आली. दुपारी नथू धावत आला. तुम्ही वाळूवर कुशीवर पडला होता. काठी शेजारी वाळूत खोचलेली, दोर ओला, आणि पट्टा सोडून घडी करून चौरंगावर ठेवलेला.

घडी करून, आबा. नथूने ते सगळ्यांना सांगितलं. पण ऐकतो कोण? तेराव्याला जमलेल्या बायकांना बोलायला पट्टा पुरला. कुणी म्हणालं, मोठ्या माशाने हिसडा दिला आणि बांधलेला म्हातारा तोंडावर आपटला. कुणी म्हणालं, पट्ट्याने पोट आवळलं, श्वास कोंडला. तुमच्या बहिणीने, आत्याबाईंनी, तर तोंडावर विचारलं, "सासराले बैलना पट्टा बांधनारी तू कोन?" मी माईंकडे बघितलं. त्या एक शब्द बोलतील असं वाटलं होतं. त्या भिंतीकडे बघत बसल्या, जशा तुम्ही बघायचात.

त्यानंतर वर्षभर माई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मीठ, पाणी, गाय व्याली, पाऊस आला. तुम्ही होता तेव्हा दिवसभर निरोपांची ये-जा असायची, आता घर मुकं. मी समजून गेले की त्यांच्याही मनात तेच आहे. सवाष्णीचं कुंकू मी पट्ट्याने पुसलं. एखाद्या बाईने भांडावं, शिव्या द्याव्यात, मी उत्तर तरी दिलं असतं. गप्प माणसाला काय उत्तर देणार? मी दमले, आबा. कामाने नाही, कामाची सवय आहे. रोज त्यांच्यासमोर ताट ठेवताना मी दमायची. आणि रोज मनात तेच, मी काठी बरोबर निवडली होती का? आवडली होती का ती तुम्हाला? की एक हाताचं नाव घेतलं म्हणून नुसती मुकाट्याने चालवून घेतलीत? तुम्ही कधी तरी एवढंच सांगायचं होतं. सांगायला माई होत्या ना.

आज सकाळी प्रकाशा या तीर्थाच्या गावी घाटावर यांनी पिंड पाण्यात सोडले तेव्हा खडस वर आले. घाटावर त्यांना कुणी धरत नाही, म्हणून ते धीट आहेत. पाणी उकळल्यासारखं झालं आणि भाताचा कणही राहिला नाही. मी पायरीवरून वाकून बघत होते. म्हटलं, यांतल्या एखाद्याच्या ओठाला तुमच्या गळाची खूण असेल. तुम्ही इतके धरून सोडलेले, त्यांतला एखादा तरी तुमच्या पानावर जेवायला आलाच असेल.

घरी जेवणं झाल्यावर तुमच्या वस्तूंचा विषय निघाला. छत्री, जोडे, अंथरूण ब्राह्मणाला दिलं. काठी कोण घेणार? आत्याबाई म्हणाल्या, "ती काठी ना तो पट्टा तापीमां टाकी द्या. घरमां ठेवू नका." हे उठलेसुद्धा. तेव्हा माई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ते मन्हं शे." वर्षभरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. ज्या बाईने तुमच्या काठीला कधी पदर लागू दिला नाही, तिने ती आपली म्हणावी?

पाहुणे गेल्यावर त्या गोठ्यात आल्या. मी भांड्यांची राख आणायला गेले होते. खिडकीत तुमची चरखी होती, जिथे तुम्ही ठेवायचात तिथेच. माईंनी ती पहिल्यांदा हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि ठेवून दिली.

म्हणाल्या, "तू मन्हावर रुसेल शे. मी जानस."

मी म्हटलं, "तुम्हीच रुसेल शेतस, माई."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी निघताना दारात तुम्ही म्हणाला होतात, "वहूले सांगजो, पट्टा आते घट्ट व्हस. आखो एक भोक पाडी ठेव म्हना. उद्याले लागस."

त्या निरोप सांगायला आत वळणार तर दूध उतू गेलं आणि राहिलं. मग दुपारी तुम्हालाच आणलं. आणि तेराव्याला बायका पट्ट्याने पोट आवळलं म्हणायला लागल्या तेव्हा माई घाबरल्या. तुम्ही पट्टा घट्ट होतो म्हणाला होतात, हे त्यांच्या तोंडून निसटलं असतं तर या बायकांनी मला जिवंत ठेवलं नसतं. म्हणून त्यांनी ओठ शिवले. "तोंड उघाडं ते तेच भायेर पडी, अशी भीती वाटे," म्हणाल्या. म्हणून मीठ आणि पाणी. वर्षभर मला शिक्षा वाटत होती, आणि ती बाई माझ्यासाठी तोंड धरून बसली होती. मी मघाशी लिहिलं ना, त्या शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. खोटं सांगता येत नाही म्हणून त्या बोलल्याच नाहीत.

आजसुद्धा त्या घाबरतच सांगत होत्या. मला ऐकून वाईट वाटेल, मी स्वतःला दोष देईन, असं त्यांना वाटलं असेल. पण आबा, मी हसले. मग रडले. त्यांना कळेना मला काय झालं.

पट्टा घट्ट! अहो, मी आत आत पाडलेली ती भोकं, तरी तुमच्या अंगावरून घसरणारा तो पट्टा. तो घट्ट झाला म्हणजे तुमच्या अंगावर मांस चढलं होतं. माझ्या भाकरीने चढलं होतं. घट्ट झाला म्हणून तुम्ही तो डाव्या हाताने सोडलात, घडी केलीत आणि निवांत बसलात. मग जे व्हायचं ते झालं, ते माशाने नाही आणि पट्ट्याने नाही. आणि तुम्ही 'उद्याले लागस' म्हणालात. भिंतीकडे तोंड केलेला माणूस उद्याचं बोलला! काठी आवडली की नाही हे मला आता कुणाला विचारायचं नाही.

बाकी काय लिहू? लढाईमुळे रेशमी दोर मिळत नाही म्हणे, आहे तो मी जपून ठेवला आहे, दर महिन्याला ऊन दाखवते. नथू म्हातारा झाला, डोहाकडे एकटाच बसतो. माझी पाठ आता खरंच बसू देत नाही.

तर तुमच्या निरोपाचं उत्तर. उद्या सकाळी चूल पेटली की पहिल्यांदा दाभण तापवीन आणि मी पाडलेल्या भोकांच्या बाहेरच्या अंगाला, बैलाच्या भोकांच्या अलीकडे, आखो एक भोक पाडीन. हे नक्की, आबा. उशीर झाला, पण काम राहणार नाही. पट्टा ताणून धरायला दुसरं माणूस लागतं. माई म्हणाल्या, त्या धरतील.

तुमची वहू,
जमना